रकाना दहावा

शियाबागेत भर दुपारी बारणं वाजवलं
की आतून विचारतात, "कोण छे?"
"तांबेबेन. वस्तीगणतरीवाली."
आणि बारणं उघडतं. दार नव्हे.
दार साताऱ्याच्या मावशीकडे असतं,
आमच्याकडे बारणं, हिंचका, वाटकी
आणि वाक्याच्या शेवटी एक "ने",
चहात आलं असावं तसा:
कुणी घातला आठवत नाही,
नसला तर मात्र कळतं.

काळं पेन. कागद दुमडायचा नाही.
रकाना दहावा: मातृभाषा. एकच.
अकरावा: येत असलेल्या इतर भाषा. दोन, बस्स.

फणश्यांचे आजोबा म्हणाले, "मराठी. ठळक लिही."
नातवाने मोबाइलवरून मान न काढता म्हटलं,
"आजोबा, हुं तो गुजरातीमां ज विचारुं छुं."
तिकडे विचारणं म्हणजे मनात आणणं.
आजोबांच्या विचारण्याला उत्तर लागतं.
ते माझ्याकडे बघत राहिले,
जणू मी पिशवीतून खोडरबर काढणार होते.

रात्री मंडळाच्या निंबाळकरांचा फोन.
"बाई, आकडा हवा. आकडा घसरला
की तुमची शाळा गेलीच म्हणून समजा.
जिथे शंका, तिथे मराठी."
त्यांची नातवंडं इंग्रजीत पाढे म्हणतात.
हे मी बोलले नाही.
चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे,
पटावर नऊ, हजर सहा,
आणि छताचा पंखा, जो हजर असून नसतो.

तिसऱ्या दिवशी मकरपुऱ्याच्या मागे,
जिथे कारखान्यांच्या भिंती संपतात
आणि पत्र्याच्या खोल्या एकमेकींना टेकून उभ्या,
तिथे मथाबाई बोरसे. साक्रीकडची.
कोपरापर्यंत सिमेंट.
मी मराठीत नाव विचारलं तशी ती खुलली,
घागरीवरचं ताट सरकवून म्हणाली, "पानी ल्या, बाई."
पाणी गार होतं. मी दोन पेले प्याले.

मातृभाषा?
"अहिराणी."

पेन थांबलं.
म्हटलं, म्हणजे मराठीच ना ती, तशी?
"तशी," ती म्हणाली. हसू होतं ते गेलं.
"आम्हनी अहिराणी शे. जे शे ते लिखा ना."

शंका नव्हतीच. असती तर बरं झालं असतं.
सात माणसं त्या खोलीत.
सात म्हणजे माझ्या हजेरीपेक्षा एक जास्त.
चार अक्षरांऐवजी तीन लिहायची, इतकंच,
आणि कागद कुणाला उलटून विचारतो?

माझ्या शाळेच्या पहिल्या दाखल्यावर
एका कारकुनाने मातृभाषा गुजराती लिहिली होती.
आईने दाखवलं तर म्हणाला, "एक ज छे ने, बेन."
प्रेमानेच म्हणाला. पेढाही दिला.
रावपुऱ्यापासून घरापर्यंत आई बोलली नाही,
पेढा तिच्या मुठीत मऊ होत गेला.

अहिराणी.
अहिराणी.
सात वेळा लिहिलं, ठळक,
तिसऱ्यांदा वेलांटी चुकली, गिरवली.
तान्ह्याचंही लिहिलं, ज्याला अजून कुठलीच येत नव्हती.

थोरली पोरगी उंबऱ्यात पाटी घेऊन
"क कमळनो क" घोकत होती.
विचारलं, चौथीत का? मान हलली.
म्हटलं, माझ्या शाळेत येशील?
तिथे मराठी असते, बसने वीस मिनिटं.
(आकड्यासाठी विचारत होते का?
होते. थोडं.)
तिने पाटी पुसली, जरा थांबली.
"मन्ही बोली चालेल ने?"

चारच महिने झाले होते इथे येऊन.

हो म्हणायला हवं होतं मी.
माझ्या वर्गात फळ्यावरच्या सूचनेत
"शुद्ध बोला" असं मीच लिहिलंय,
दर जूनमध्ये नव्याने गिरवते.
"बघू," म्हणाले. मथाबाईने ताट परत झाकलं.

निंबाळकरांचा फोन पिशवीत थरथरत होता.
शेजारच्या खोलीत अकरा जणांच्या चपला बाहेर.
बारणं नव्हतं, गोणपाट होतं.
मी पत्र्यावर टकटक केली.
आतून कुणीतरी विचारलं, "किए?"

"तांबेबेन," मी म्हणाले.